पाठवणीचं हेलिकॉप्टर

माझ्या लग्नाचा एकही फोटो भिंतीवर नाही. ना माहेरी, ना सासरी. फोटोवाल्याने अल्बम केला की नाही हे विचारायला कोणी गेलं नाही, आणि त्यानेही कधी आणून दिला नाही. तरी माझं लग्न पुष्कळ लोकांनी पाहिलं. टीव्हीवर पाहिलं, तेही शेवटचा छोटासा तुकडा फक्त.

माझं माहेर भिवंडीजवळचं, मानकोलीच्या पुढचं. आम्ही खाडीकाठचे आगरी. मी लहान असताना घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की थेट खाडीपर्यंत भाताची खाचरं दिसायची. मी कॉलेजला जायला लागेपर्यंत त्यातली बहुतेक गेली आणि तिथे गोदामं उभी राहिली. निळ्या पत्र्यांची, एवढी लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू यायचा नाही. बाबांनीही जमीन दिली. घरामागचा एक तुकडा तेवढा ठेवला, भात खाण्यापुरता. मग घरावर मजला चढला, दारात गाडी आली. बाबा पांढरेशुभ्र कपडे घालून फिरायला लागले. आई मात्र होती तशीच राहिली. गाडीत बसली की चपला काढून मांडीवर घ्यायची.

आईला एकच भाऊ, माझा मामा. आजी गेली तेव्हा मामा अगदी लहान होता, म्हणून त्याला आईनेच वाढवलं होतं. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन आली. तो बाबांच्याच ताटात जेवून मोठा झाला. पुढे त्याने आपल्या गावी घर केलं, लग्न केलं, आणि धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवायला लागला. मामा-मामीला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे जी काही हौस होती ती माझ्यावर.

कॉलेजला मी त्याच्याच रिक्षातून जायचे. सकाळी लूमची शिफ्ट सुटलेली असायची. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू अडकलेले कामगार रिक्षात चढायचे. मामा मागे वळून सांगायचा, "भाई, थोडा सरक के बैठना. भांजी है मेरी." ती माणसं बिचारी आधीच दमलेली, ती अंग चोरून बसायची. नाक्यावरचे निम्मे रिक्षावाले मला भांजी म्हणूनच ओळखत. माझं खरं नाव त्यांना माहीत नसावं.

माझं लग्न ठरलं ते गणेशपुरीकडच्या मुलाशी. त्यांची भातशेती होती आणि रस्त्यावर सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं. मुलगा कमी बोलणारा. मला आवडला. साखरपुड्यानंतर एका संध्याकाळी बाबांनी ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, की पोरीची पाठवणी हेलिकॉप्टरमधून करणार.

आमच्या भागात तेव्हा हे नवीन होतं, पण अगदीच पहिलं नव्हतं. शेजारच्या एका गावात नवरा असाच आला होता आणि लोक महिनोन् महिने तेच बोलत होते. आई भाजी निवडत होती. तिने वर न बघताच विचारलं, "कनाला पायजे हेलिकॉप्टर? रस्ता हाय ना."

"तुना मी चिखलातून आणली," बाबा म्हणाले. "गुडघ्याएवढा चिखल व्हता. शालू भरला, तू रडत व्हतीस. माझी पोर चिखलातून न्हाय जायची."

"मी चिखलासाठी न्हाय रडले," आई म्हणाली.

पण मामाच एवढा खूश झाला की आईला पुढे बोलताच येईना. त्याने मला विचारलं, "बाय, वरून आपला नाका दिसंल काय गं?" मी म्हटलं, दिसेल बहुतेक. तो दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन सगळ्यांना सांगून आला. मला स्वतःला काय वाटत होतं, ते नीट आठवत नाही. थोडी भीती होती, थोडी लाज होती, आणि मैत्रिणी हेव्याने बघत होत्या ते बरंही वाटत होतं.

लग्न ऐन उन्हाळ्यातलं, दुपारचं. हळद झाली, धवलारणीने सकाळपासून बसून धवले गायले. आमच्यात लग्नाची ही गाणी म्हणणारी बाई भटजीइतकीच लागते. मामाने मला हाताला धरून मांडवात नेलं. त्याने भगवा फेटा बांधला होता आणि तो त्याला सैल होत होता. चालताना एका हाताने फेटा आणि एका हाताने मला सावरत होता. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि तेवढ्यात आवाज आला. लोक पंगतीतून ताटं सोडून धावले. मी आतल्या खोलीत साडी बदलत होते. आईने खिडकीतून बघितलं आणि पदराने नाक झाकलं. धूळ घरात आली होती.

घरामागच्या त्या राहिलेल्या खाचरात चुन्याने मोठा गोल आखला होता. टँकरने पाणी मारलं होतं, पण उन्हाने ते केव्हाच सुकलं. चारही बाजूंनी काथ्याची दोरी बांधली होती. एका बांबूला लाल कापड लावलं होतं, वारा कळावा म्हणून. दुपारनंतर आमच्याकडे खाडीवरून वारा सुटतो, तो रोजचाच. पण गोदामं झाल्यापासून तो सरळ येत नसे. दोन गोदामांच्या मधल्या बोळातून तो एकदम अंगावर येई आणि मग एकदम पडे. त्या दिवशी पत्रे वाजत होते, मांडवाच्या झालरी उडत होत्या, आणि बांबूवरचं ते लाल कापड ताठ उभं होतं.

पायलट साधारण बाबांच्याच वयाचा, पांढरा शर्ट घातलेला, मृदू बोलणारा माणूस होता. त्याने गोलाभोवती एक चक्कर मारली, कापडाकडे बघितलं, आणि बाबांना म्हणाला, "हवा बहुत है. थोडा रुकते हैं."

बाबांनी लगेच खुर्च्या टाकायला लावल्या. सरबत दिलं. कोणी घाई केली नाही, हे मला सांगायलाच हवं. पुढे लोक नाही नाही ते बोलले, की मुलीच्या बापाने पायलटला जबरदस्ती केली म्हणून. तसं झालं नाही. आम्ही सगळे थांबलो. मी दागिन्यांसकट पंख्याखाली बसून राहिले. माझ्या नवऱ्याने तिथेच पहिल्यांदा मला आपणहून विचारलं, "पाणी हवंय का?"

पायलटबरोबर एक बुकिंगवाला माणूस आला होता. त्याचा फोन सारखा वाजत होता. दुसरीकडेही कार्यक्रम होता आणि अंधाराच्या आत तिथे पोहोचायचं होतं. तो पायलटशी बाजूला जाऊन बोलला. काय बोलला ते कोणी ऐकलं नाही. मग वारा खरोखरच पडला. कापड बांबूला चिकटून लोंबायला लागलं. पायलट उठला आणि म्हणाला, "चलो, अभी. जल्दी."

त्या जल्दीत पाठवणी झाली. आईने मला मिठी मारली ती सोडेचना. मामा रडत होता आणि हसतही होता. त्याला दोरीकडे उभं राहायचं काम होतं. पोरंटोरं सारखी दोरीखालून आत घुसत होती, आणि गावातली पोरं मामाशिवाय कुणाचं ऐकत नसत. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जा बाय," एवढंच म्हणाला आणि पळत दोरीकडे गेला.

आम्ही आत बसलो. मुंडावळ्यांवरून कानाला मोठे हेडफोन घातले. पायलटने स्वतः माझा पट्टा लावला, ओढून बघितला. पाती फिरायला लागली तशी शेतातली सुकी मुळं, कागदी पत्रावळ्या, अक्षता सगळं उडालं. खिडकीतून मला मामा दिसला. दोन्ही हात पसरून तो लोकांना मागे सारत होता. आमच्याकडे त्याची पाठ होती.

मग काखेत हात घालून कोणी उचलावं तसं आम्ही उचललो गेलो. जमीन थोडी खाली गेली. माझा नवरा माझ्याकडे बघून हसला. त्याच क्षणी डाव्या बाजूने काहीतरी आदळलं. वारा, पण वाऱ्यासारखा वाटला नाही. कोणी खांद्याने धक्का द्यावा तसा. हेलिकॉप्टर आडवं सरकत गेलं, खालचा लोखंडी पाय खाचराच्या बांधाला अडकला आणि आम्ही कलंडलो. पायलट काहीतरी ओरडला. मग जो आवाज झाला तो मी कोणाला सांगू शकत नाही. मी प्रयत्न केलेला आहे.

शुद्ध गेली नव्हती. मी पट्ट्याला लटकत होते आणि माझा नवरा माझ्या खाली होता. त्याचा पाय कुठेतरी दाबला गेला होता आणि तो नुसता "आई, आई" करत होता. पेट्रोलसारखा उग्र वास येत होता. पायलटच्या कपाळातून रक्त वाहत होतं, तरी तो सारखा म्हणत होता, "बाहर निकलो, बाहर." पुढची काच फुटली होती. तिथून हात आत आले आणि त्यांनी मला ओढलं. एक हात बाबांचा होता. त्यांनी मला जमिनीवर बसवलं आणि आंधळ्या माणसासारखं माझं तोंड, खांदे, हात चाचपले. "हाय, हाय," ते ओरडले. "पोर हाय."

मी बघितलं तर सगळे लोक आमच्याकडे धावत नव्हते. बरेच लोक दोरीपाशी गोल करून उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, स्फोट होईल म्हणून घाबरले असतील. आई कुठे दिसेना. मी विचारलंही, पण बाबांनी माझं डोकं छातीशी दाबून धरलं आणि गाडीकडे नेलं.

भिवंडीतल्या एका हॉस्पिटलमध्ये माझ्या मनगटाचा एक्स-रे काढायला हिरवा चुडा कापावा लागला. नर्स एकेक बांगडी कापून ट्रेमध्ये टाकत होती. बरोबर आमची एक शेजारीण होती. मी तिला विचारलं, "आई का नाही आली?" ती माझ्या पदराचा काठ नीट करत राहिली. तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. मामाला लहानपणी ज्या नावाने ती हाक मारायची, त्या नावाने ती हाका मारत होती. घरातून लांब गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशा हाका. मग मला कळलं.

पात्याचा तुकडा होता. आपटल्यावर पाती तुटून चहूकडे उडाली. एक गोदामाच्या पत्र्यात घुसलं, एक मांडवाच्या खांबाला लागलं. एक मामाला, मागून. बाकी कोणाला ओरखडाही नाही. पोरं सगळी त्याच्या पुढे होती.

त्याचे दिवस त्याच्या गावी झाले. मी प्लॅस्टरमधल्या हाताने तिथे जाऊन बसले. दुसऱ्या हातावर मेंदी तशीच होती. धुऊन मेंदी जात नाही, घासूनही जात नाही, आणि मी तो हात पदराखाली लपवत राहिले. मामीने तो बाहेर काढला. उलटा-सुलटा करून बघितला. "रंग बरा चढलाय," ती म्हणाली, आणि हात माझ्या मांडीवर परत ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रागाने नव्हे, तिला कोणाशीच बोलायचं नव्हतं.

शेजारच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू असायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून ती कॅसेट कोणीतरी नेली होती. हेलिकॉप्टर वर जातं, सरकतं, कलंडतं, परत वर जातं. कुठल्यातरी चॅनेलने मामाभोवती लाल गोल काढला होता. मामीने एकदा उठून जाऊन त्यांचा दरवाजा वाजवला. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही, पण टीव्ही बंद झाला. मग आपल्या जागेवर येऊन बसली.

चौकशीला साहेब लोक आले, मोजमापं घेतली, तुकडे गाडीत भरून नेले. पायलट बरा झाला असं ऐकलं. त्या माणसाचा मला राग करता आला नाही. तो थांबला होता, मग वारा पडला होता. राग करायला कोणीतरी पक्कं सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

दिवस झाल्यावर सासरे मला न्यायला आले. आमच्या माणसांनी मान खाली घालून ऐकून घ्यायची तयारी केली होती, पण ते एवढंच म्हणाले, "पोरीनं काय केलंय? आमची हाय, आमी नेतो." मी जीपमधून गेले. दारात सासूबाईंनी तांदळाचं माप ठेवलं होतं. मी पायाने हळूच लवंडलं. कोणी गाणं म्हटलं नाही. नवरा पायाला प्लॅस्टर घालून आत कॉटवर पडला होता, त्याला दारातलं काही दिसलं नाही. गावातल्या बायका मला बघायला येत आणि एकमेकींना सांगत, "हीच ती हेलिकॉप्टरवाली." ते नाव मला चिकटलं. वाण्याकडे, देवळात, नळावर.

नवऱ्याचा पाय पुढे थोडा आखूडच राहिला. माझ्याशी तो वाईट वागला असं कधी झालं नाही. पण आम्ही एकमेकांसमोर सांभाळून बोलत राहिलो, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा तो सकाळीच दुकानावर गेला आणि मी माहेरी गेले, तिथून मामाच्या वर्षश्राद्धाला.

माहेरी काय चाललंय ते मला तेव्हा दिसलं. आई बाबांशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढत होती, कपडे धूत होती. पण बोलायचं असलं की तिसऱ्या कोणाला तरी सांगायची. घरात तिसरं कोणी नसलं तर बोलायचीच नाही. बाबा दिवसभर मागच्या दारात खुर्ची टाकून खाचराकडे बघत बसायचे. त्या वर्षी त्यात भात लावला नव्हता. चुना कधीच वाहून गेला होता, नुसतं गवत वाढलं होतं. बाबा मला म्हणाले, "तुझी आय मना शिवी देत न्हाय. एकदा दिली असती तरी..."

मामीला त्यांनी आमच्या घरी येऊन राहायला सांगितलं होतं. ती आली नाही. "रिक्षा हाय त्याची. ती सोडून कुठं जाऊ?" म्हणाली. ती रिक्षा तिने दारात उभी करून ठेवली होती. चालवायला तिने ती कोणाला दिली नाही. टायर बसले, मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या.

मला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. आईने निरोप पाठवला, की तिथेच करा. सासूबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी सगळं निगुतीने केलं. मुलगी झाली. बारशानंतर एका सकाळी आई एकटीच एसटीने आली. हातात पिशवी, त्यात डिंकाचे लाडू. किती वाळली होती. तिने हात धुतले, बाळाला घेतलं, आणि बराच वेळ नुसती मांडी हलवत बसली. सासूबाई समजून बाहेर गेल्या.

मग आईने विचारलं, "तू वर व्हतीस. तुना दिसला काय गं तो?"

तोपर्यंत तिने मला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी या प्रश्नाची वाट बघत होते असं मला तेव्हा कळलं. काय उत्तर द्यायचं तेही मी मनात ठरवून ठेवलेलं होतं, कारण ते खरं होतं आणि त्याने तिला थोडा तरी दिलासा मिळेल असं मला वाटत होतं.

"दिसला," मी म्हटलं. "पण आमच्याकडे पाठ होती त्याची. तो लोकांना मागे सारत होता. शेवटपर्यंत पाठच होती, आई. त्याला काही कळलं नाही. काही दिसलंच नाही त्याला."

आईची मांडी हलायची थांबली.

"एकदा पन वळला न्हाय?"

"नाही."

"मना वाटलेलं, त्यानं तुना बघितलं असंल. वर जाताना." ती बाळाकडे बघत होती. "तेवढंच बघायचं व्हतं गं त्याला. साऱ्या नाक्याला सांगून आलेला. मी म्हनायची, चला, गेला तर गेला, पोरीला वर जाताना बघून तरी गेला."

बोललेलं परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. तो वळला होता, हसला होता, हात हलवला होता, काहीही सांगितलं असतं.

आई जेवली नाही. दुपारच्या एसटीने जायचं म्हणाली. तिने बाळाला माझ्या कुशीत ठेवलं, दुपटं नीट केलं, सासूबाईंना नमस्कार केला. माझा नवरा तिला स्टँडवर सोडायला लंगडत गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"गाडीत वारा लागतो म्हणाल्या. खिडकी लावून घेतली."

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांनी मागचा तो तुकडाही देऊन टाकला. आईला त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. आता तिथे गोदाम आहे. मी माहेरी जाते, मागच्या दारातून बघते, तर निळ्या पत्र्याशिवाय काही दिसत नाही. बाबांनी खुर्ची पुढच्या ओसरीवर नेली आहे. आई स्वयंपाकघरात असते. मी दोघांमध्ये बसते आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगते.